रीसेट केल्यावर चार दिवस बरी, मग पुन्हा तोच झटका: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि इंजिन कॉम्प्युटरच्या शिकलेल्या नोंदी पुसण्याआधी काय तपासायचं

बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवली, गाडी छान चालायला लागली आणि आठवड्याच्या आत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा हिसका परत आला. ही तक्रार इतकी नेहमीची आहे की ऐकतानाच पुढचं वाक्य कळतं. गिअर कसा बसवायचा, इंधन किती द्यायचं याच्या नोंदी कॉम्प्युटर गाडी चालता चालता शिकत असतो; त्या पुसणं म्हणजे रीसेट. पण तो बहुतेक वेळा चुकीचं काही शिकलेला नसतो. तो बिघडलेल्या गाडीला सांभाळून घेत असतो. नोंदी पुसल्या की काही दिवस तो कारखान्यातल्या मूळ आकड्यांवर चालतो, मग तोच बिघाड पुन्हा मोजतो आणि जिथे होता तिथेच परत येतो. म्हणून या पोस्टमध्ये रीसेट शेवटी आहे.

लक्षणं

खाली लिहिलेलं मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या) नेहमीच्या ऑटोमॅटिकला लागू आहे. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर यंत्र चालवतं), ड्युअल क्लच (दोन क्लचचा बॉक्स) आणि सीव्हीटीत (ठरलेले गिअर नसलेला बॉक्स) जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

- थंड गाडी पी मधून डी किंवा आर मध्ये टाकताच धप्पकन धक्का बसतो, गरम झाल्यावर कमी होतो.
- १–२ किंवा २–३ बदलताना हिसका बसतो. किंवा उलटं: आरपीएम क्षणभर मोकळा वर चढतो आणि मग गिअर बसतो.
- सिग्नलला थांबत येताना मागून कोणी ढकलल्यासारखं वाटतं.
- ५० ते ८० च्या वेगात, पाय अगदी हलका असताना गाडी थरथरते, जणू रस्त्यावर बारीक पट्टे मारले आहेत.
- आयडलिंगला काटा वरखाली होतो, एसी लावला की इंजिन बसल्यासारखं होतं.
- त्रास बॅटरी बदलल्यापासून, थ्रॉटल बॉडी साफ केल्यापासून किंवा गिअरबॉक्सचं तेल बदलल्यापासून सुरू झाला.

फक्त शेवटचं लक्षण असेल तर नशीब चांगलं आहे, रीसेट आणि पुन्हा शिकवणं एवढ्यावर काम भागू शकतं. दुसऱ्यातला मोकळा चढणारा आरपीएम मात्र वाईट खूण आहे. तो दिसत असेल तर आधी पोस्टचा शेवटचा भाग वाचा, मग ठरवा.

१. पुसायच्या आधी लिहून घ्या

खर्च शून्य, आणि सगळ्यात जास्त वेळा हेच राहून जातं. साध्या ओबीडी अडॅप्टरने (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून फोनवर माहिती दाखवणारं उपकरण) बिघाडाचे कोड वाचा आणि फोटो काढा. कोडबरोबर साठवलेली त्या क्षणाची माहिती, म्हणजे वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान, तीही घ्या. कोड पुसला की ती जाते.

पी-०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे स्वतःचा वेगळा कोड आहे आणि तो इंजिनच्या कॉम्प्युटरला हाक मारतोय. खरा कोड वाचायला गिअरबॉक्समध्ये शिरणारा स्कॅनर लागतो. स्वस्त अडॅप्टर बहुधा इंजिनच्या दारातच थांबतो. पी-०७३० सोबत असेल तर कॉम्प्युटरला हवं ते गिअर गुणोत्तर मिळत नाहीये, म्हणजे आतलं काहीतरी घसरतंय किंवा वेगाचा सेन्सर खोटं बोलतोय. असा कोड पुसून गाडी चालवत राहू नका.

२. बॅटरी आणि अर्थिंग

एक मल्टिमीटर आणि दहा मिनिटं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.७ मिळतात. स्मार्ट चार्जिंगच्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खाली येतो, त्यामुळे दिवे आणि ब्लोअर चालू करून पाहा.

आता अर्थिंग. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर ठेवा (क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच) आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ठीक. ०.५ च्या वर गेला तर बॅटरी ते बॉडी ते इंजिन या वाटेत कुठेतरी गंज किंवा सैल बोल्ट आहे.

झटक्याशी याचा संबंध काय? गिअरबॉक्समधला तेलाचा दाब सोलेनॉइड नावाचे छोटे व्हॉल्व्ह ठरवतात आणि ते विजेवर चालतात. वीज डळमळली की दाब डळमळतो, आणि सेन्सरचे आकडेही अर्थिंगवरूनच मोजले जातात. नवीन झटके, विचित्र कोड आणि डॅशबोर्डवर एकाच वेळी तीन-चार दिवे असं चित्र असेल तर गिअरबॉक्सकडे जाण्याआधी इथेच थांबून पूर्ण तपासा.

३. हवेची वाट आणि फ्यूएल ट्रिम

गिअरबॉक्सच्या तक्रारीत इंजिनची हवा कशाला, असं वाटेल. कारण गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर क्लचवर किती दाब द्यायचा हे इंजिनने सांगितलेल्या टॉर्कच्या आकड्यावरून ठरवतो, आणि तो आकडा येतो मुख्यतः हवेच्या मापावरून. हवा मोजणारा सेन्सर मळका असला आणि कमी हवा सांगत असला, तर टॉर्क कमी धरला जातो, दाब कमी पडतो आणि क्लच जरा घसरून बसतो. मग गिअरबॉक्स दाब वाढवायला शिकतो. महिन्याभराने कोणीतरी सेन्सर साफ करतं आणि अचानक प्रत्येक गिअरला दणका बसायला लागतो. बिघाड इंजिनात, दोष गिअरबॉक्सला.

एअर फिल्टर काढून पाहा. फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा रबरी पाइप हाताने वाकवून त्याच्या घड्यांमध्ये चीर आहे का बघा. सरळ असताना चीर मिटलेली असते, इंजिन हलल्यावर उघडते. क्लिपा घट्ट करा.

मग अडॅप्टरवर दोन आकडे बघा, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन जास्त (+) किंवा कमी (−) देतोय. दोन्हींची बेरीज करा. इंजिन गरम असताना आयडलिंगला एकदा आणि २,५०० आरपीएमला स्थिर धरून एकदा. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर पुढे चला. नसेल तर आकड्यांचा आकार बघा:

आयडलिंगला +१८ आणि २,५०० ला +४: चोरून हवा शिरतेय. आयडलिंगला एकूण हवाच थोडी असते म्हणून गळती मोठी दिसते, आरपीएम वाढला की ती त्यात बुडून जाते. व्हॅक्यूम होज, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (इंजिनच्या आतली वाफ परत ओढणारी) नळी आणि इनटेकचं गॅस्केट बघा.

आयडलिंगला जवळपास शून्य आणि भार पडला की +१५, +२०: हवेचा सेन्सर मळका, किंवा फ्यूएल पंप वा फिल्टर दमलेला. सेन्सर फक्त त्याच्यासाठीच्या स्प्रेने धुवा, तारेला बोट, कापूस, ब्रश काहीही लावू नका, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. कार्ब्युरेटर क्लीनर इथे वापरला तर सेन्सर जाऊ शकतो.

दोन्हीकडे उणे: इंधन जास्त जातंय. गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) किंवा जास्त प्रेशर.

हे पेट्रोल इंजिनासाठी. डिझेलमध्ये ट्रिमचा हा खेळ असा चालत नाही, आणि तिथे इंजेक्टर बदलल्यावर त्याच्यावर छापलेला कोड कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. ते काम बॅटरी काढून होत नाही.

४. थ्रॉटल बॉडी

रीसेट खरोखर लागतं अशी ही ठळक जागा. प्लेटच्या कडेला काजळी साचत जाते तशी बंद प्लेटभोवतीची फट कमी होते. आयडलिंग टिकवायला कॉम्प्युटर प्लेट थोडी जास्त उघडतो, आणखी काजळी साचली की आणखी थोडी. तुम्ही साफ केली की फट एकदम मोकळी होते, पण कॉम्प्युटर जुन्या सवयीने प्लेट तेवढीच उघडतो. आरपीएम १,२००–१,५०० वर जाऊन बसतो आणि त्याच अवस्थेत डी मध्ये टाकलं की धक्का बसतो. यात गिअरबॉक्सचा काहीही दोष नाही.

साफ करताना इग्निशन बंद, कनेक्टर काढलेला. स्प्रे थेट आत मारू नका, कापडावर घ्या आणि कड पुसा. प्लेट बोटाने जोर लावून फिरवू नका, आत छोटे गिअर असतात, बरेचदा प्लास्टिकचे. त्यानंतर स्कॅनरमधून थ्रॉटल रीलर्न करा. काही गाड्या दहा-पंधरा मिनिटं आयडलिंगवर सोडल्या की स्वतः जुळवून घेतात, काहींत चावी आणि पेडलचा ठरलेला क्रम असतो. तो क्रम तुमच्याच गाडीच्या मॅन्युअलमधला हवा. दुसऱ्या मॉडेलची युक्ती इथे चालतेच असं नाही.

५. थरथर गिअरबॉक्सची की इंजिनाची?

५०–८० च्या वेगातल्या थरथरीवर लोक गिअरबॉक्स उतरवून बसतात आणि शेवटी निघतो स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल. फरक ओळखायची एक जुनी आणि भरवशाची चाचणी आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे गाडी नसताना, थरथर सुरू असतानाच उजवा पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, दिवा लागेल एवढाच. ब्रेकचा संकेत मिळताच टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) सुटतो आणि आरपीएम थोडा वर जातो. त्याच क्षणी थरथर थांबली तर दोष लॉक-अपचा किंवा तेलाचा. थरथर चालूच राहिली तर मिसफायरकडे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याकडे, वळा. डाव्या पायाची सवय नसेल तर हे करू नका, तो पाय क्लचच्या सवयीने जोरात जातो.

याच निमित्ताने ब्रेकचा स्विचही बघून घ्या. मागचे दिवे ब्रेक दाबल्या दाबल्या लागतात आणि सोडल्यावर लगेच विझतात का? स्विच अडकला असेल तर कॉम्प्युटरला सतत ब्रेक दाबल्यासारखा वाटतो आणि लॉक-अप बसतच नाही. सुटा भाग किरकोळ, पण त्रास मोठ्या दुरुस्तीसारखा दिसतो.

डी आणि आर मध्ये टाकतानाच फक्त धप्प होत असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट, म्हणजे फाउंडेशन, बघा. बॉनेट उघडा ठेवून, समोर कोणीही उभं न राहता, ब्रेक पूर्ण दाबून डी–आर करा आणि इंजिन किती उचललं जातं ते बाजूने पाहा.

६. गिअरबॉक्सचं तेल

हे इतकं खाली ठेवलं कारण बऱ्याच नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. असेल तर भाग्य. सपाट जागा, गरम तेल, इंजिन चालू, पी मध्ये, ही सर्वसाधारण पद्धत. पण काही गाड्यांत इंजिन बंद करून लगेच बघायचं असतं, काहींत एन मध्ये. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. काडी एकदा पुसून दुसऱ्यांदा वाचा.

एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. पसरून पारदर्शक तपकिरी-लालसर डाग पडला तर ठीक. मधोमध काळा ठिपका आणि कण राहिले, जळका वास आला, तर क्लचचं अस्तर तेलात येतंय. फिकट गुलाबी, दुधासारखं दिसलं तर कूलंट मिसळलाय, गाडी तिथेच बंद करा. रंग एकटा बघून निर्णय घेऊ नका, सगळी तेलं लाल नसतात.

डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत पातळी ठरलेल्या तापमानालाच बघतात. झेडएफ कंपनीच्या सहा गिअरच्या बॉक्सला ३० ते ५० अंश, फोक्सवॅगनच्या डीएसजीला (सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा ड्युअल क्लच बॉक्स) ३५ ते ४५ अंश. इंजिन चालू, गाडी लिफ्टवर पूर्ण समपातळीत, खालचा प्लग उघडून तेल बारीक धारेने थेंबावर येईपर्यंत. थंड तेलावर पातळी बघितली तर ती कमी दिसते आणि जास्त तेल भरलं जातं, खूप गरम तेलावर उलटं. घरी एका जॅकवर हे करू नका. गाडी तिरकी राहते म्हणून मापही चुकतं, आणि जॅकवरच्या गाडीखाली इंजिन चालू ठेवून जाणं हा जिवाशी खेळ आहे.

तेल कमी असलं की पंप हवा ओढतो, फेस होतो, दाब पडतो, आणि कॉम्प्युटर क्लच भरायचा वेळ वाढवत जातो. तेल जास्त असलं तरी फिरणारे भाग ते घुसळतात आणि फेस होतोच. ग्रेड चुकलं तर लॉक-अपची थरथर जवळपास ठरलेली, कारण घर्षण ठरवणारी रसायनं प्रत्येक तेलात वेगळी असतात. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असं लिहिलेल्या डब्यापेक्षा मॅन्युअलमधलं नाव बघा. साध्या ड्रेनमध्ये आतलं सगळं तेल निघत नाही, बराच भाग कन्व्हर्टरमध्येच राहतो. त्यामुळे चुकीचं तेल एका बदलात जात नाही.

७. आता रीसेट

वरचं सगळं ठीक असेल किंवा दुरुस्त झालं असेल तरच.

बॅटरी काढून जुन्या गाड्यांतल्या इंजिनच्या नोंदी जातात. नव्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या नोंदी वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असतात, तिथे रात्रभर बॅटरी काढली तरी फरक पडत नाही. टोयोटाच्या अनेक ऑटोमॅटिकमध्ये तर स्कॅनरमधूनच मेमरी रीसेट करावी लागते. ओबीडी अडॅप्टरवरचं ‘कोड पुसा’ बटण बहुतेक गाड्यांत फ्यूएल ट्रिम शून्यावर आणतं, पण गिअरबॉक्सच्या क्लचच्या नोंदींना हात लावत नाही. त्यासाठी स्कॅनरमध्ये गिअरबॉक्सच्या मेन्यूत ‘ॲडॅप्टेशन रीसेट’ किंवा ‘लर्न्ड व्हॅल्यू’ असा पर्याय शोधा. पुसण्याआधी त्याच मेन्यूत प्रत्येक क्लचचे सध्याचे आकडे दिसत असतील तर त्यांचा फोटो घ्या. चार क्लच शून्याजवळ आणि एकच मर्यादेला टेकलेला असेल तर तुम्हाला बिघाड सापडला आहे, आणि तो रीसेटने जाणारा नाही.

बॅटरीच काढायची असेल तर: रेडिओचा कोड असल्यास हाताशी ठेवा, काचा बंद करा, चावी खिशात ठेवा (गाडी स्वतः लॉक होऊ शकते), डिकीत बॅटरी असेल तर डिकी उघडी राहील असं बघा. इग्निशन बंद केल्यावर १०–१५ मिनिटं थांबा, मग फक्त निगेटिव्ह काढा. बऱ्याच गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. अर्धा तास पुरे. दोन्ही वायरी एकमेकींना जोडून ‘पूर्ण रिकामं’ करायची युक्ती फिरत असते, ती सोडून द्या. जोडल्यावर पॉवर विंडोचा ऑटो, घड्याळ आणि कधीकधी स्टिअरिंगचा कोन पुन्हा शिकवावा लागतो.

एएमटीत क्लचचा पकड-बिंदू आणि ड्युअल क्लचमध्ये बेसिक सेटिंग स्कॅनरनेच होतं. क्लच बदलल्यावर ते चुकवलं तर नवा क्लचही हिसके देईल. सीव्हीटीत काही बॉक्सच्या व्हॉल्व्ह बॉडीचा (तेलाची वाट ठरवणाऱ्या भागाचा) स्वतःचा कॅलिब्रेशन डेटा कॉम्प्युटरमध्ये असतो, तिथे मेन्यू चाचपडत बसू नका.

८. पुन्हा शिकवणं

रीसेट अर्धंच काम. इग्निशन एक मिनिट चालू ठेवा, मग ॲक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, इंजिन सुरू करा. पूर्ण गरम होईपर्यंत आयडलिंग, त्यातली शेवटची पाच मिनिटं एसी चालू. मग ब्रेक दाबून एन–डी आणि एन–आर, प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबत, पाच-सहा वेळा.

नंतर मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटं चालवून गिअरबॉक्स गरम करा. थंड तेलात नोंदी घेतल्याच जात नाहीत. आता पेडल हलकं आणि स्थिर धरून, साधारण पाव दाबलेलं, शून्यापासून वरच्या गिअरपर्यंत जा. पाय काढा आणि ब्रेक जवळपास न लावता गाडी हळूहळू थांबू द्या. असं आठ-दहा वेळा. पेडल मध्येच कमी-जास्त केलं की ती नोंद बाद होते. स्पोर्ट मोड, मॅन्युअल मोड आणि क्रूझ बंद.

पहिल्या ५०–१०० किलोमीटरमध्ये थोडं रांगडं वाटेल. प्रत्येक फेरीत कमी होत गेलं तर योग्य दिशेने चाललंय. तसंच असताना प्रदूषण तपासणी ठेवू नका: कोड पुसले की आतल्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दाखवतात आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचं वेगवेगळं चालवणं लागतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

आरपीएम चढतो पण गाडी ओढत नाही, तर रीसेट अजिबात करू नका. झिजलेल्या क्लचला कॉम्प्युटर जास्त तेल देऊन कसाबसा पकडून ठेवत असतो. तो आधार काढला की घसरण वाढते आणि उरलेलं अस्तर एका फेरीत जळू शकतं. ‘रीसेट केलं आणि गिअरबॉक्स गेला’ असं म्हणतात त्यातली बरीच प्रकरणं अशी असतात.

डी मध्ये टाकल्यावर दोन सेकंदांहून जास्त उशीर, तेलात चकाकणारे कण, जळका वास, कूलंट मिसळलेलं तेल, किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहणं: पुढे चालवू नका, टोइंग घ्या. इंजिन ज्या चाकांना फिरवतं ती चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका, पंप बंद असल्याने आत तेल फिरत नाही.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर तो मिसफायर आहे, कॅटलिटिक कन्व्हर्टर तापतोय. गाडी बाजूला घ्या. हायब्रिड गाडीत नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, रीसेटसाठीही नाही.

आणि नीट दुरुस्ती, नीट शिकवणी होऊनही तोच झटका त्याच गिअरला दोनदा परत आला, तर तिसरं रीसेट करू नका. व्हॉल्व्ह बॉडी, सोलेनॉइड किंवा आतला क्लच यांचं काम आहे आणि ते दाब मोजल्याशिवाय कळत नाही. गिअरबॉक्सचं काम करणाऱ्याकडे जाताना पहिल्या टप्प्यात काढलेले फोटो न्या: मूळ कोड, ट्रिमचे आकडे, प्रत्येक क्लचची नोंद, तेल कोणतं आणि कधी भरलं. आणि त्याच्याकडे जाण्याआधी काहीही पुसू नका.